पाजताना उठणारा गोळा, ओवा-सुंठ आणि बाळंतकाढा: काय द्यावं, काय देऊ नये

सेलूजवळच्या गावातून एका ताईंनी विचारलंय. धाकट्या बहिणीचं दुसरं बाळंतपण होऊन चार दिवस झाले. नॉर्मल झालं, तीन टाके आहेत. लेकराला पाजायला घेतलं की ओटीपोटात कळ येते, कंबर धरली आहे, बसताना टाके ओढतात. आई ओवा-सुंठ आणि बाळंतकाढा द्यायचा म्हणते. सासरहून बिब्ब्याचा आणि बाजेखाली शेगडी ठेवण्याचा निरोप आलाय. दवाखान्यातून पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन मिळालंय. यातलं काय द्यावं, काढा आणि गोळ्या सोबत चालतात का, आणि किती दिवस?

ताई, आधी पोटाच्या कळेचं बोलू, कारण घरातली धावपळ तिच्यावरूनच सुरू झालेली दिसते. पाजताना उठणारा गोळा हा आजार नाही. बाळंतपण झाल्याबरोबर गर्भाशय साधारण १ किलोचं असतं आणि बेंबीच्या आसपास हाताला लागतं. दहा-चौदा दिवसांत ते ओटीपोटाच्या हाडामागे उतरतं आणि सहा आठवड्यांत ५० ते १०० ग्रॅमवर येतं. एवढं आकसायचं म्हणजे त्या स्नायूला राबावं लागणारच. लेकरानं स्तन ओढला की आईच्या अंगात ऑक्सिटोसिन सुटतं. तेच दूध उतरवतं आणि तेच गर्भाशय आवळतं, म्हणून कळ नेमकी पाजतानाच येते. पहिलटकरणीचा स्नायू घट्ट असल्यानं एकसारखा आवळून राहतो. पुढच्या खेपांना तो सैल पडतो, पुन्हा आवळतो, पुन्हा सैल पडतो. "पहिल्या वेळी असलं काही नव्हतं" असं तुमची बहीण म्हणत असेल तर तिचं खरं आहे. पहिले दोन-तीन दिवस जोर, मग उतार, आठवडाभरात बहुतेकींचं थांबतं. शिवाय याच आवळण्यानं रक्तस्राव आटोक्यात राहतो. त्यामुळे कळ सोसवेल इतपत कमी झाली तरी पुरे.

आयुर्वेदात याला मक्कल्ल म्हणतात. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात, दहाव्या अध्यायात त्याचं वर्णन आहे: बाळंतिणीचं रक्त नीट वाहून गेलं नाही, वायूनं अडवलं, की बेंबीखाली, बरगड्यांच्या बाजूला किंवा मूत्राशयाच्या भागात गाठ उठते आणि शूळ होतो. उपाय सांगितलेत ते तुमच्या आईला ओळखीचे वाटतील. सुंठ-मिरी-पिंपळी, दालचिनी-तमालपत्र-वेलदोडा-नागकेशर आणि धने हे सगळं जुन्या गुळात कालवून खायचं. पिंपळी वगैरे द्रव्यांचा काढा मीठ घालून प्यायचा. नाहीतर यवक्षार, म्हणजे जवाच्या राखेपासून काढलेला क्षार, तुपातून किंवा कोमट पाण्यातून. आपल्याकडच्या बायका पिढ्यान् पिढ्या सुंठ, गूळ, तूप आणि ओवा देत आल्या ते याच घराण्यातलं औषध आहे. माझी हरकत औषधाला नाही. दुखणं कुठलं ते न बघता डब्यातलं सगळं एकदम द्यायचं, याला आहे. तुमच्या बहिणीला एक नव्हे, निदान तीन दुखणी आहेत. गर्भाशयाची कळ, टाक्यांची ओढ आणि कंबर. पोटात वारा धरला असेल तर चार. ओवा कळेला आणि वाऱ्याला चालेल. टाक्यांना त्याचा काही उपयोग नाही.

कळेसाठी पहिला उपाय स्वयंपाकघरातलाही नाही. पाजायला घेण्याआधी लघवी करून यायचं. मूत्राशय भरलेलं असलं की ते गर्भाशयाला वर ढकलतं, नीट आवळू देत नाही आणि कळा वाढतात. टाके दुखतात म्हणून बाई लघवी धरून ठेवते, तिथून सगळं बिघडत जातं. लघवी करताना वरून कोमट पाण्याची धार सोडली तर चरचर कमी होते. दुसरं, पोटाखाली उशी घेऊन थोडा वेळ पालथं पडायचं. नॉर्मल बाळंतपण झालंय, त्यामुळे हे तिला चालेल. सिझेरियनवाल्यांनी करू नये. पाच-दहा मिनिटं कळ जरा वाढल्यासारखी वाटते, मग पोट सैल पडतं. तिसरं, पाजताना ओटीपोटावर गरम पाण्याची पिशवी. पिशवी नसेल तर जाड फडकं तव्यावर गरम करून. आधी आपल्या मनगटाला लावून बघायचं, मगच तिच्या पोटाला.

आता डबा उघडू.

ओवा अर्धा चमचा, कोरडा भाजून, दीड कप पाण्यात टाकून एक कप राहीपर्यंत उकळायचा आणि गाळून घोट-घोट प्यायला द्यायचा. दिवसातून दोनदा, जेवणानंतर. ओव्याच्या तेलात थायमॉल असतं; पोट फुगलं असेल, ढेकर अडला असेल तर फरक लवकर कळतो. त्यात बाळंतशेपा, म्हणजे शेपूचं बी, तितकंच घातलं तर चालतं. किराणा दुकानदार बाळंतशेपा मागितल्यावर बडीशेप बांधून देतो, तेवढं बघून घ्या; बडीशेपेनं काही बिघडत नाही, पण बाळंतशेपेचा उग्रपणा तिच्यात नाही. जेवणानंतर खायला ओवा, बाळंतशेपा, तीळ आणि किसलेलं खोबरं भाजून एकत्र केलेली सुपारी बहुतेक घरांत असतेच. ती चालू ठेवा.

सुंठ पाव चमचा, सुपारीएवढा जुना गूळ, अर्धा चमचा तूप, मळून गोळी करायची. सकाळी एक, संध्याकाळी एक. सुंठीबद्दल मला जास्त भरवसा वाटतो त्याला कारण आहे. मासिक पाळीच्या कळांवर सुंठ उपयोगी पडते असं बऱ्याच चाचण्यांत दिसलंय, आणि पाळीची कळ नि ही कळ या दोन्हींमागे गर्भाशयाचं आवळणं आणि प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं आहेत. तुम्हाला दिलेली आयबुप्रोफेनची गोळी हीच द्रव्यं कमी करते, आणि सुंठीपेक्षा जोरात करते. छातीत जळजळ होत असेल तर सुंठ निम्मी करा. गरोदरपणात साखर वाढलेली असेल तर गूळ नको, नुसत्या तुपातून द्या. सिझेरियननंतर रक्त पातळ करणारी इंजेक्शनं चालू असतील तर भाजीत पडते तेवढी सुंठ ठीक, औषध म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

हिंग तुपात फुलवून, चिमूटभर, मऊ भातात. पिंपळमूळ मिळालं तर दुधात उकळून, तेही चिमूटभरच. हे सगळं एकाच दिवशी द्यायचं नसतं. उन्हाळ्यात इतकं उष्ण एकदम पोटात गेलं की बाळंतिणीला तोंड येतं, शौचाला आग होते, आणि मग ते उतरवायला सब्जा न् गुलकंद सुरू होतो. ओवा किंवा सुंठ, दोन्हींपैकी जे तिला मानवतं ते एक निवडा.

बाळंतकाढ्याकडे येते. बाजारात क्रमांक एक, दोन, तीन अशा बाटल्या मिळतात, साधारण दहा-दहा दिवसांच्या. कंपनीगणिक घटक बदलतात, पण बहुतेकींचा कणा दशमूळ असतो: बेल, टेंटू, शिवण, पाडळ, ऐरण ही पाच झाडं आणि सालवण, पिठवण, डोरली, रिंगणी, गोखरू ही पाच झुडपं. गोखरू म्हणजे आपला सराटा. ज्वारीच्या रानात अनवाणी चाललेल्या प्रत्येकाला तो माहीत आहे. रिंगणी, डोरली मराठवाड्यात बांधावर दिसतात, बेल देवळामागे असतो. पाडळ आणि टेंटू मात्र आपल्या कोरड्या रानात शोधून सापडणं अवघड. "आम्ही रानातून ताजं दशमूळ आणतो" असं कोणी सांगू लागलं तर दहापैकी किती आणलीत ते विचारा. रानातून आणलेल्या अनोळखी मुळ्या उकळून बाळंतिणीला पाजू नका. परवाना क्रमांक आणि मुदतीची तारीख छापलेलं पाकीट घ्या.

भरड घरी उकळायची तर १० ग्रॅम भरडीला १६० मिली पाणी, मंद आचेवर ४० मिली उरेपर्यंत. गाळून, कोमट असताना, सकाळ-संध्याकाळ. प्रत्येक वेळी ताजा करायचा. सकाळचा काढा या उन्हात संध्याकाळपर्यंत आंबतो. दशमुळाचं काम वात शमवणं, सूज उतरवणं असं ग्रंथ सांगतात, आणि कंबर-पाठ-ओटीपोट एकत्र धरलेल्या बाईला आठवडाभरात हलकं वाटतं हा माझाही अनुभव आहे. पण तो पहिल्या घोटाला कळ थांबवणारा नाही. त्यासाठी घरातल्यांनी त्याच्याकडे बघत बसू नये.

दशमूलारिष्ट ही निराळी चीज. तो आंबवून केलेला असतो आणि त्यात आपोआप तयार झालेलं मद्य असतं, साधारण ५ ते १० टक्के. १५ मिली तेवढ्याच पाण्यात मिसळून जेवणानंतर हे औषधाचं माप झालं. "टॉनिक आहे, अंगात ताकद येईल" म्हणून अर्धा पेला देतात ते नाही. पहिल्या दोन आठवड्यांत, लेकरू तासा-दीड तासाला पीत असताना, मी अरिष्टाऐवजी काढाच देते. याच कारणानं चमचाभर ब्रँडीही नको. ती आजही काही घरांत गुपचूप दिली जाते, आणि सांगितल्यावर "आमच्याकडं नाही बाई कोणी देत" असं म्हणतात.

देवदार्व्यादि काढा बाळंतिणीच्या ताप, शूळ, अंगदुखीसाठी ग्रंथात सांगितलाय आणि चांगला आहे. पण त्यात कुटकी, चिराईत, अतिविष आहे. कोणाला, किती, कधी ते वैद्यानं ठरवायचं. प्रतापलंकेश्वरासारख्या रसौषधींत पारा आणि बचनाग हे विषारी मूळ असतं. त्या स्वतःहून दुकानातून आणायच्या नाहीत, आणि पुडीवर नाव नसलेली लाल-काळी पूड तर कोणीही दिली तरी घ्यायची नाही.

गोळ्या आणि काढा सोबत चालतात का? पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन दोन्ही पाजणाऱ्या आईला चालतात, दुधातून फार थोडी जातात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ साली बाळंतपणानंतरच्या काळजीबद्दल शिफारशी काढल्या. त्यांत खालच्या जखमेच्या दुखण्याला पॅरासिटामॉल पहिलं आणि गर्भाशयाच्या कळांना आयबुप्रोफेनच्या जातीची औषधं सांगितली आहेत. बहिणीला रक्तदाब, दमा, पोटात व्रण किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आयबुप्रोफेनबद्दल डॉक्टरांना पुन्हा विचारा. नसेल तर पाजण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी, काही खाल्ल्यावर घेतलेली गोळी नेमकी कळेच्या वेळी कामाला येते. ओवा-सुंठीशी तिचं भांडण नाही. काढा आणि गोळी यांत तासाभराचं अंतर ठेवा, म्हणजे काही त्रास झाला तर कशानं झाला ते कळेल. लोहाच्या गोळीचं मात्र वेगळं आहे. काढ्यातली तुरट द्रव्यं आणि चहा लोह शोषू देत नाहीत. तिथे दोन तासांचं अंतर हवं. कॅल्शियमची गोळीही लोहासोबत नको. लोहाची गोळी बाळंतपणानंतर १८० दिवस रोज घ्यायची असते. आपल्याकडे ती बाळंतविड्याच्या डब्यामागे पडून राहते आणि बाई "अंगात त्राण नाही, सगळं अंग दुखतं" म्हणत वैद्य पालथे घालते. रक्त कमी असेल तर या अंगदुखीला कुठलाच काढा पुरत नाही.

टाक्यांना पाला लावायचा नाही. हळद भरायची नाही, तेल सोडायचं नाही, राख तर नाहीच. पहिल्या दिवसात थंड फडकं किंवा कापडात गुंडाळलेला बर्फ पाच-दहा मिनिटं लावला तर सूज उतरते, "बाळंतिणीला गार?" म्हणून घर उठेल, पण तो वरून लावायचा आहे, पोटात नाही. तुमच्या बहिणीची ती वेळ आता गेली. आता टबात किंवा रुंद घमेल्यात कोमट पाणी घेऊन दहा मिनिटं बसायचं, दिवसातून दोनदा. कडुनिंबाची पानं उकळून गाळलेलं पाणी किंवा त्रिफळ्याचा पातळ काढा धुवायला वापरला तर हरकत नाही. वरून धुवायचं, पिचकारीनं आत मारायचं नाही. धुतल्यावर स्वच्छ सुती फडक्यानं टिपून कोरडं करायचं. घमेलं फक्त तिच्यासाठी आणि उकळत्या पाण्यानं विसळलेलं असावं. शौचाला जोर लागला की टाके ओढतात, म्हणून पोट साफ राहणं हाच टाक्यांचा मोठा उपाय. रात्री भिजवलेल्या दहा-बारा मनुका, भरपूर पाणी, ताटात पालेभाजी.

पाण्याचं नीट बोललं पाहिजे. बाळंतिणीला पाणी कमी द्यायचं, पोट सुटतं म्हणून, ही समजूत आपल्याकडे फार घट्ट आहे. चरकानं बाळंतिणीचं पोट मोठ्या स्वच्छ कापडानं गुंडाळायला सांगितलं, वायूला आत जागा मिळून त्यानं विकार करू नये म्हणून. पाणी तोडायला सांगितलेलं नाही. उलट तुपानंतर पातळ पेज द्यायला सांगितली आहे. उन्हाळ्यात परभणीत पारा ४२ च्या पुढे जातो. पाजणाऱ्या बाईला अशा दिवसांत पाणी मोजून दिलं तर लघवीला आग होते, शौच खडा होतो, डोकं दुखतं, दूध उतरत नाही, आणि मग या सगळ्याला मिळून "वात झाला" असं नाव पडतं. उकळून कोमट केलेलं पाणी, हवं तर ओव्याचं किंवा सुंठीचं, पण तिला तहान असेल तितकं. पोट बांधायचं तर कापड आणि पोट यांत दोन बोटं सहज जावीत. करकचून बांधलं तर दाब खाली ओटीवर येतो आणि टाके आणखी ओढतात.

शेगडीबद्दल माझं म्हणणं सासरच्यांना जरा कडू वाटेल. बाजेखाली शेगडी ही थंडी-पावसातल्या, कुडाच्या, गारठलेल्या खोलीतली रीत. ती वैशाखात, पत्र्याच्या छताखाली करणं म्हणजे आई-लेकरू दोघांनाही उष्माघाताच्या तोंडी देणं. खिडक्या-दारं लावून कोळसा पेटवला तर कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि चार दिवसांच्या लेकराला तो आधी बाधतो. ओवा, बाळंतशेपा, वेखंड, गुग्गुळाची धुरी द्यायचीच असेल तर आई-लेकरू बाहेर असताना खोलीला द्या, नंतर खोली उघडी टाका. खालून, टाक्यांना धुरी नको. तिथली जखम अजून भरलेली नसते, भाजायची भीती असते.

आणि बिब्बा. दिव्यावर सुईला टोचून तापवायचा आणि तेलाचे थेंब दुधात सोडायचे, किंवा कंबरेवर ठिपके द्यायचे, हे दोन्ही प्रकार मला ठाऊक आहेत. बिब्ब्याचं काळं तेल कातडीला लागलं की उततो: फोड, सूज, खाज, कधी चेहराभर. ग्रंथात भल्लातकाची, म्हणजे बिब्ब्याचीच, औषधं आहेत, पण शुद्ध केलेली, मोजून दिलेली, आणि उन्हाळ्यात न देण्याच्या ताकिदीसह. चार दिवसांच्या बाळंतिणीला तो कुठल्याच रूपात नको. त्याच फळातली गोडंबी, नीट फोडून सोललेली, लाडवात चालते. मात्र ज्यांना बिब्बा उततो त्यांनी गोडंबीही टाळावी.

बोळ देणाऱ्यांनी एक बघावं. हिराबोळ म्हणजे झाडाचा डिंक. गुळातून मुगाएवढा देण्याची रीत आहे. काळा बोळ म्हणजे कोरफडीचा वाळवलेला चीक, आणि तो जुलाब करणारा आहे. दुकानात दोन्हीला नुसतं "बोळ" म्हणतात. चुकीचा पोटात गेला तर आईचं पोट ढवळतं आणि लेकरालाही पातळ होऊ शकतं. म्हणून मी कुठलाच बोळ घरी द्यायला सांगत नाही.

कंबरेसाठी तेल आणि ऊन पाणी यांच्यापुढे काही नाही, आणि परंपरेतलं मला सगळ्यांत मोलाचं तेच वाटतं. तिळाचं तेल किंवा बला तेल कोमट करून पाठ, कंबर, मांड्यांना हलक्या हातानं लावायचं. बला म्हणजे चिकणा. रस्त्याकडेला पिवळ्या फुलांचं झुडूप दिसतं तेच. मग निरगुडीचा पाला टाकून उकळलेल्या पाण्यानं अंघोळ. निरगुडी आपल्याकडे ओढ्याकाठी मुबलक आहे, विकत आणायची गरज नाही. पोट चोळू नका. सिझेरियनच्या टाक्यांजवळ तर हातही नको. आणि हे ध्यानात ठेवा: एकाच पायाची पोटरी दुखत असेल, सुजली असेल, गरम लागत असेल तर तिथे तेल चोळायचं नाही, लगेच दवाखान्यात न्यायचं. बाळंतपणानंतर पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होऊ शकते आणि चोळल्यानं ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते.

कंबर दुखण्यामागे निम्मा वाटा पाजायच्या बैठकीचा असतो. वाकून पाजायचं नाही. पाठीला भिंत, मांडीवर उशी, लेकरू वर छातीशी. आणि सव्वा महिना जड उचलायचं नाही. हे लिहिताना मला ठाऊक आहे की मराठवाड्यातल्या कितीतरी बायकांना सव्वा महिना तर सोडाच, पंधरा दिवसही मिळत नाहीत. ऊसतोडीच्या हंगामात फडावर बाळंत झालेली बाई आठ-दहा दिवसांत मोळी उचलते. तिची कंबर, अंगावरून पांढरं जाणं, ओटीपोट जड वाटणं वर्षानुवर्षं तसंच राहतं आणि शेवटी कोणीतरी "पिशवी काढून टाका" सांगतं. २०१९ साली बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांची सरकारी पाहणी झाली, तेव्हा ८२ हजारांवर बायकांमध्ये १३ हजारांवर जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. बाळंतपणानंतर विसावा आणि ओटीच्या स्नायूंचा व्यायाम मिळाला असता तर यातल्या किती पिशव्या वाचल्या असत्या, हा विचार मनातून जात नाही. तो व्यायाम फुकट आहे: लघवी मधेच अडवताना आवळतो तो स्नायू आवळून पाच मोजायचं आणि सोडायचं. दहा वेळा, दिवसातून तीनदा. टाके ओढत नसतील तर बहिणीला आजपासूनच चालेल.

लाडवांचं थोडक्यात. डिंक, अळीव, मेथी, खारीक हे पोषण आहे, दुखण्यावरचं औषध नाही. भूक नीट लागल्यावर, आठ-दहा दिवसांनी सुरू करा, दिवसाला एक. तोवर मऊ भात, मुगाचं वरण, तूप, ज्वारीची ताजी भाकर, शेपूची-मेथीची भाजी, लसूण.

आता ज्यावर घरी काहीच करायचं नाही ते. तासाभरात एक पॅड पूर्ण भिजतोय, किंवा लिंबापेक्षा मोठ्या गाठी पडतायत. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त, थंडी वाजून. अंगावरून जाणाऱ्याला घाण वास. तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर पोटाची कळ उतरायच्या ऐवजी चढतेय, पोट हात लावू देत नाही. टाक्यांतून पू. डोकं फार दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय. रक्तदाबाचे झटके बाळंतपणानंतरही येतात. दम लागतोय. स्तन एका जागी लाल, दगडासारखा आणि सोबत ताप. यातलं एक जरी दिसलं तरी ओवा उकळत बसू नका. १०८ किंवा १०२ ला फोन करा. तोवर पाजणं थांबवायची गरज नाही, पण काढा बंद. चार दिवसांनी तिचा स्राव लालचा गुलाबीसर होऊ लागेल, दहा-बारा दिवसांनी पांढुरका. मधेच पुन्हा लालभडक आणि जास्त झाला तर बहुधा तिनं काम जास्त केलंय. एक दिवस पडून राहू द्या. तरी थांबला नाही, तर दाखवा.

काढ्याचा, सुंठीचा थेंबही लेकराला चाटवू नका. त्याला सहा महिने फक्त आईचं दूध.

शेवटचं, किती दिवस. ओव्याचं पाणी किंवा सुंठीची गोळी कळ असेपर्यंत, म्हणजे आणखी तीन-चार दिवस, फार तर आठवडा. आयबुप्रोफेन त्याहून आधी सुटेल, पॅरासिटामॉल टाके दुखतील तेव्हाच. दशमुळाचा काढा दहा दिवस देऊन थांबा, मग कंबर अजून धरलेली असेल तर वैद्याला दाखवून पुढचं ठरवा. नांदेड आणि धाराशिवला शासकीय आयुर्वेद महाविद्यालयं आहेत. तिथे प्रसूतितंत्र-स्त्रीरोग विभागात कमी खर्चात तपासून मिळतं. कोमट पाण्यात बसणं टाके भरेपर्यंत, तेल आणि निरगुडी सव्वा महिना. आशाताई बाळंतपणानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी यायला हव्यात. सातव्या दिवशी आल्या की काढ्याची बाटली, सगळ्या गोळ्या आणि सासरहून आलेल्या पुड्या त्यांच्यापुढे मांडा, काही झाकू नका, आणि बहिणीचा रक्तदाब मोजून घ्या.